एकोणीस वेळा सहा

खरं सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? डोळ्यांसमोर पडलेल्या फाशावर, की वहीत सुबक लिहिलेल्या उत्तरावर? घाई नाही. आधी माझं ऐका.

मी तोच फासा. पांढरा, प्लास्टिकचा. साच्यात ओतताना माझ्या एकाच्या बाजूला माल जरा जास्त जमला. जड बाजू खाली बसते, म्हणून वर सहा येतो. हे माझं जन्मजात व्यंग.

उमरखेडच्या बाजारात जफरभाईंच्या दुकानात मी दोन वर्षं काढली. गिऱ्हाईक ओळखायला तिथंच शिकलो. घासाघीस करणारा माणूस नेहमी दुसरीकडे बघून भाव विचारतो. जफरभाई मात्र मालातली खोट लपवत नसत. तांड्यावरची उज्ज्वला मला घ्यायला आली, तेव्हा त्यांनी सांगितलं, "बेटा, याच्यावर सहा लई पडते हां!" ती हसली. दुकानदार खरं बोलला, तरी ते विक्रीचं बोलणंच वाटतं.

दहावीच्या मॅडमनी संभाव्यतेचा गृहपाठ दिला होता. फासा साठ वेळा टाका, नोंद करा, बिंदू आलेखावर मांडा. ज्याची वही उत्तम, तो यवतमाळच्या गणित प्रदर्शनाला जाणार. जागा एकच. उज्ज्वलाला ती हवी होती. तिनं चार्टपेपरही आणून ठेवला होता.

ओट्यावर बसून ती मला टाकत होती. पहिल्यांदा चार पडला. आडव्या अक्षावर एक, उभ्यावर चार, तिथं ठिपका. शेजारची अंजू डोकावली.

"काय व, रांगोळी काढून राह्यली का?"

"निर्देशक हाये ते. तुवा गृहपाठ झाला?"

"कवाच! साठले सहानं भाग, दहा येते. समदे दहा-दहा लिवले. तू काहून फेकत बसली?"

"मॅडमनं फेकाले सांगतलं."

"मॅडम काय फेकून पाह्यते?"

उज्ज्वलानं साठही वेळा टाकलं. एक आला पाचदा, सहा एकोणीसदा. वरच्या रेषेवर ठिपक्यांची दाटी झाली. तिनं तेच लिहिलं.

वर्गात मॅडमनी वही उघडली. "प्रत्येकाची संभाव्यता एक षष्ठांश. दहाच्या आसपास यायला हवं. एकोणीस? मनानंच लिहिलंस ना?"

"नाही मॅडम, खरंच टाकला. दुकानदार म्हणत होते, याच्यावर सहा जास्त पडतो. तुम्ही टाकून पाहा ना." तिनं मला पुढे केलं.

"आता गणित दुकानदाराकडून शिकायचं?"

वर्ग हसला. मॅडमनी मला हातात घेतलं, ठिपके पाहिले आणि परत दिलं. दहा-वीस वेळा टाकलं असतं तर मी स्वतःच साक्ष दिली असती. पण तास संपत आला होता.

अंजू यवतमाळला गेली. दहा-दहा-दहा घेऊन.

पुढचा गृहपाठ नाण्याचा होता, पन्नास वेळा उडवायचा. उज्ज्वलानं नाणं काढलंच नाही. पंचवीस छापा, पंचवीस काटा, असं एका दमात लिहिलं. मॅडमनी शाबासकी दिली. त्या दिवशी ती माझ्याकडे वळूनही बघत नव्हती. मी कंपासपेटीत, तुटक्या पेन्सिलीशेजारी पडलेला. माझ्या वाकडेपणाची शिक्षा तिनं भोगली, आणि त्यातून ती काय शिकली, तर हे!

तुमच्याही घरी कोणी असा गृहपाठ करत असेल. त्याच्याजवळ बसा. जितक्या वेळा टाकाल तितक्याच मोजा, जे पडेल तेच लिहा. आकडा वेडावाकडा आला, तर माझ्यासारख्याला दोष द्या, पण हिशोब खराच ठेवा.