पोलोच्या गणवेशातला माणूस

मित्रांनो, मी जुना आहे, कडांना पिवळा पडलोय, एक कोपरा दुमडलाय, हे सगळं कबूल. पण मी खोटा फोटो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण साठ वर्षांहून जास्त काळ एका गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन घरांनी माझ्यावरून एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी जे समोर होतं तेच दाखवत होतो. बघणाऱ्यांनी नीट बघितलं नाही, त्याला मी काय करू?

माझा जन्म सान्ता ओलायाचा. समुद्राकाठचं, साखर कारखान्याचं गाव. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास थेट चादरीत शिरायचा, आणि रविवार उजाडला की अख्खं गाव बेसबॉलच्या मैदानावर लोटायचं. त्या हंगामात राजधानीहून आनसेल्मो नावाचा फोटोग्राफर आला. त्याने एक खोली भाड्याने घेतली, महालाचे खांब रंगवलेला पडदा टांगला, आणि शेजारच्या खिळ्यावर एक बेसबॉलचा गणवेश अडकवला. गणवेश साधासुधा नव्हता. कारखान्याच्या संघातला लाडका फलंदाज पोलो मातेओ याचा होता. आनसेल्मोने पोलोचे फोटो फुकट काढून दिले आणि पोलोने बदल्यात आपला एक गणवेश देऊन टाकला. आता तो होता कारखान्याच्या मालकीचा. म्हणून पोलोने घरी बायकोला ठोकून दिलं, की दोरीवर वाळत घातला होता, कोणीतरी चोरून नेला.

त्या बायकोने, तेलमाबाईने, गणवेशाच्या गुडघ्यावर पानाच्या आकाराचं ठिगळ लावलं होतं. ते ठिगळ लक्षात ठेवा, त्यानेच सगळा घोटाळा केला.

एका रविवारी इझिकिएल लिबर्ड नावाचा तरुण आला. त्याला सगळे झीक म्हणायचे. नेव्हिस बेटावरून ऊसतोडीला आलेला. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून आलेल्या अशा काळ्या लोकांना गाव कोकोलो म्हणायचं, आणि त्या काळी ते म्हणताना नाक मुरडायचं. झीकला बेसबॉल येत नव्हता. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत कोकोलो लोक क्रिकेट खेळायचे, तो तिथला गडी. पण त्या गणवेशात फोटो काढायची टूम निघाली होती, आणि सोबत त्याची नवी नवरी होती, गावातलीच, नोएमी. तिला हौस.

गणवेश झीकला ढगळ झाला. टोपी तर भुवयांवर उतरली, निम्मा चेहरा सावलीत गेला. आनसेल्मोने हातात बॅट दिली आणि हुकूम सोडला, "खांद्यावर घे!"

झीकने घेतली. आनसेल्मोने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि बॅट आपसूक खाली आली. टोक उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी टेकलं, डावा खांदा पुढे, मान वळलेली.

"अरे, झाडू मारतोयस का? वर घे ती!"

"घेतली, साहेब."

पुन्हा डोकं कापडाखाली, पुन्हा बॅट खाली. पोराला कळतही नव्हतं. नोएमी पडद्याआड तोंडात रुमाल कोंबून हसत होती. शेवटी आनसेल्मो वैतागला. "राहू दे, उभा राहा हवा तसा. फोटो तुझी आई बघणार आहे, मी नाही." आणि मी जन्मलो.

मित्रांनो, तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. गल्लीत तुमच्या हातात बॅट आली की तुम्हीही हेच करता, शिकवायला लागत नाही. पण सान्ता ओलायात नुसता बेसबॉल जाणणारं गाव. त्यांना गणवेश दिसला, ठिगळ दिसलं, आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

आनसेल्मोने अशा कितीतरी कोकोलो पोरांचे फोटो काढले. ते सगळे बोटीत बसून बेटांवरच्या आयांकडे गेले. मी तेवढा राहिलो. नोएमी म्हणाली, "आईसाठी दुसरा काढू. हा माझा." दुसरा काढायचं काही झालं नाही. झीक तापाने गेला, लेक जन्मायच्या आधीच. लेक जेमतेम चालायला लागली होती तेव्हा नोएमीही गेली. तिची थोरली बहीण ओब्दुलिया आली आणि पोरीला आपल्या घरी घेऊन गेली. पोरीच्या झबल्यांमध्ये मी होतो.

त्या पोरीचं नाव यूफेमिया. फेमिया म्हणायचे सगळे. शाळेत जायला लागली तेव्हा एकदा मला घेऊन उंबऱ्यावर बसली आणि मैत्रिणींना दाखवू लागली, "हे माझे पप्पा." शेजारणीने डोकावून पाहिलं. "अगो बाई! हा तर पोलो!" झालं. तासाभरात तेलमाबाई रस्ता ओलांडून आली. तिने मला पोरीच्या हातातून हिसकावलं आणि तिची नजर गुडघ्यावर गेली. तिने ठिगळावर बोट आपटलं.

"हे ठिगळ माझ्या हातचं आहे. दोरीवरून चोरीला गेला म्हणे! बोल ओब्दुलिया, कोण हा?"

नोएमीचं लग्न कोकोलो वस्तीत झालेलं, गल्लीला त्याचा पत्ता नव्हता; ओब्दुलियाला मात्र सगळं ठाऊक होतं. तिने एक शब्द उच्चारला असता, झीक, तर तिथेच मिटलं असतं. पण तिने आधी रस्त्यावर जमलेल्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरीचा बाप आहे. आणखी काय सांगू?" कोकोलो ऊसतोड्याची पोर सांभाळतेय म्हणण्यापेक्षा तिला पोलोची चोरून झालेली लेक सांभाळणं बरं वाटलं. आणि पोलो? तोही बोलला नाही. बोलला असता तर गणवेशाचं लफडं बाहेर आलं असतं. शिवाय गाव आणखी एक बाई त्याच्या नावावर मांडत होतं, त्याने मिशीवर ताव दिला नि गप्प बसला. मला एवढी चीड आली होती की काय सांगू! पण कागदाला तोंड कुठे असतं?

त्या दिवसापासून तेलमाबाईच्या घराची दारं फेमियासाठी बंद झाली. तेलमाबाईची लेक एर्सिलिया फेमियाच्याच वयाची. शाळेत पोरं दोघींना चिडवायची, "बहिणी, बहिणी!" एर्सिलिया अंगावर धावून जायची. फेमिया खाली मान घालायची. मोठेपणी दोघी नारळाच्या वड्या एकाच दुकानात विकायला देत, पण वेळा वेगळ्या ठेवत. फेमियाने मला देवघरातल्या मारिया मातेच्या तसबिरीत, मातेच्या मागे लपवलं. कितीतरी वर्षं लोक माझ्यासमोर क्रुसाची खूण करत होते. अर्थात माझ्यासाठी नव्हे.

फेमियाला दुसरं काही नको होतं. बाप पोलो असेल तर त्याने एकदा तरी तिच्याकडे बघून मान हलवायला हवी होती, आणि नसेल तर कोण, हे तिला हवं होतं. मावशीने तिच्या नावापुढे आईचंच आडनाव लावलं होतं. बापाचं आडनाव सांगायची वेळ आली की ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागायची. मग पोलो वारला, तेलमाबाई वारली, ओब्दुलियाही गेली, आणि विचारायला कोणी उरलं नाही.

गेल्या वर्षी बेसबॉल क्लबची शताब्दी आली. भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो लावायचे ठरले. क्लबचे सचिव फाबियान मास्तर, निवृत्त शिक्षक, फेमियाच्या दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "फेमियाबाई, तुमच्याकडचा पोलोचा फोटो द्या. स्टुडिओतला आहे म्हणतात, असा दुसरा गावात उरला नाही!"

फेमियाने दार लावून घेतलं. पण समोरचं दार उघडलं होतं. एर्सिलिया केसांत रोलर लावलेले तशीच तरातरा आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो रस्ता ओलांडला.

"काढ तो फोटो! माझी आई झुरून झुरून मेली, आता तिची बेअब्रू भिंतीवर ठोकणार? काढ, आत्ता फाडून टाकते."

मी मातेच्या पाठीमागे गारठलो. फेमियाने तसबीर उतरवली, खिळे उचकटले, आणि मला बाहेर काढलं. तिने मला एर्सिलियापुढे धरलं.

"फाड. पण आधी बघ. माझ्या बापाला फाडतेयस, त्याचं तोंड तरी बघ. तू कधी पाहिलंच नाहीस."

खरंच नव्हतं पाहिलं. एक लपवत राहिली आणि दुसरी तोंड फिरवत राहिली. एर्सिलियाने चष्मा लावला. मला खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, "ठिगळ आईच्या हातचं आहे. टाका तिचाच." आणि मग, अगदी हळू, "पण हे पप्पा नाहीत."

"काय?"

"अगं, सदरा बघ किती लोंबतोय! पप्पांच्या पोटावर बटण लागायचं नाही. आणि ही बॅट! बॅट जमिनीवर टेकवलीय! आमच्या घरात बॅट जमिनीला लागली की पप्पांचा पट्टा आमच्या पाठीला लागायचा. मेले असते, पण बॅट टेकवली नसती." ती खुर्चीत धपकन बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "पप्पा नाहीत गं! नाहीत!"

मला तर तिच्या हातातून उडी मारावीशी वाटली. पण फेमियाला हसू आलं नाही.

"तुझं बरं झालं," ती म्हणाली. "माझा होता तोही गेला. आता मी कोणाची?"

एर्सिलियाचं हसू थांबलं. रागाने आलेली बाई, पण मनाची वाईट नव्हती. तिने नाक पुसलं आणि मला पुन्हा डोळ्यांशी नेलं. बाहेर रस्त्यावर पोरं प्लाकीता खेळत होती. मोटारीची जुनी नंबरपाटी वाकवून उभी करायची, तिच्यापुढे बॅट टेकवून उभं राहायचं, आणि पाटी पडू द्यायची नाही. एर्सिलियाने खिडकीतून पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत पोरांकडे.

"फेमिया, हा प्लाकीतावाल्यासारखा उभा आहे. आणि तो खेळ आपल्याकडे कोणी आणला?"

"कोकोलोंनी."

"मग ऊठ. छत्री घे, ऊन आहे."

दोघी एका छत्रीखाली कोकोलो वस्तीत निघाल्या. दुकानासमोर डॉमिनो खेळणारे पुरुष सोंगट्या हातात धरून बघतच राहिले. कोणीतरी ओरडलं, "जग बुडतंय काय रे?" एर्सिलियाने मागे न बघता हात उडवला. "तू बुड आधी!"

वस्तीत सगळ्यांत जुन्या म्हणजे मिस केझाया. नव्वदीच्या आसपास, झुलत्या खुर्चीत बसलेल्या, पेला भरून आल्याचा चहा हातात. फेमियाने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीने मला उचललं, लांब धरलं, आणि खदखदून हसली.

"झीक! अरे देवा, झीक लिबर्ड! बाईसाहेब, त्याला चर्चमध्ये उभा केला असता तरी तो गार्डच घेणार! आणि ही पोलोची तुमान! माझ्या भावाचाही फोटो ह्याच तुमानीत आहे, आईकडे बेटावर गेला. आनसेल्मोच्या खिळ्यावर लटकत असायची. पोलोनेच दिली होती त्याला." मग हसू ओसरलं, आणि तिने फेमियाकडे निरखून पाहिलं. "तू नोएमीची. कपाळ बघ, सगळं झीकचं. इतकी वर्षं होतीस कुठे?"

"इथेच," फेमिया म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत."

"तुझी मावशी तुला इकडे फिरकू देत नव्हती. लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं त्यांचं, केक मी केला होता. दर रविवारी नोएमी तुला कडेवर घेऊन यायची."

फेमियाने आयुष्यभर मनात दाबून ठेवलेला प्रश्न आता विचारला. "ते सोडून गेले होते का?"

"सोडून?" म्हातारी रागावली. "मेला गं बाई, तापात मेला! नोएमीचं पोट धरून रडत होता की मला बाळाचं तोंड बघू दे. मेलेल्या माणसाला सोडून गेला म्हणत नाहीत."

फेमियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मित्रांनो, माझ्यावर तिचं पाणी सांडलं, अजून डाग आहे. असा डाग पडला तरी मला हायसं वाटलं. किती वर्षांनी माझ्या जिवात जीव आला.

तिथून दोघी दफनभूमीत गेल्या. कोकोलोंच्या ओळीत फेमिया तिच्या बापापाशी बराच वेळ बसली. एर्सिलिया वरच्या बाजूला, आईच्या थडग्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "आई, ऐकतेस ना? त्या फोटोत पप्पा नव्हते. ह्या भानगडीत तरी नव्हते. बाकीच्यांचं मी सांगत नाही." आणि आम्ही तिघंही हसलो.

आता मी क्लबच्या भिंतीवर आहे. लावताना मास्तर कुरकुरले, "पण हे तर बेसबॉल खेळतच नव्हते." एर्सिलिया म्हणाली, "गणवेश आमचा आहे ना? मग लावा." लावलं. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असतील, पेटीत नाहीतर कपाटावर धूळ खात. त्यांच्यातल्या माणसांची नावं माहीत असलेलं कोणी जिवंत आहे तोवर विचारून घ्या, आणि पाठीवर लिहून ठेवा, पेन दाबून रुतलं तरी चालेल. आणि ज्याच्यावर तुमचा राग आहे, त्याचंही तोंड, फोटो फाडण्याआधी, एकदा उजेडात बघा. आमच्या दोन घरांनी ते केलं नाही, आणि तेलमाबाई खरं न कळताच गेली. ते मात्र आता कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

शताब्दीच्या दिवशी क्लब माणसांनी भरला होता. फाबियान मास्तरांनी खेळाडूंची नावं वाचून त्यांच्या घरच्यांना एकेक करून पुढे बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी घसा साफ करून वाचलं, "इझिकिएल लिबर्ड. त्यांची कन्या, यूफेमिया लिबर्ड."

कोणी उठलं नाही. पहिल्या रांगेत फेमिया शांत बसून राहिली, माना वळवून बघणाऱ्यांबरोबर तीही मागे वळून बघत होती, कोण उठतंय ते.

एर्सिलियाने तिला कोपराने ढोसलं. "ऊठ की गं, तुलाच बोलावतायत."