खिएमच्या बाबांचं पहिलं श्राद्ध

खिएम लोकांना हसवून पोट भरतो, पण स्वतः एका जागी पाच मिनिटं बसत नाही. काब्रामाटातल्या आमच्या व्हिएतनामी वस्तीत शेजारी राहून मी त्याचा जमाखर्च मनात ठेवलाय: आईला दिलेली उत्तरं उदंड, दिलेला वेळ बेताचा.

स्टेजवर त्याचा हमखास खपणारा विनोद एकच. "देश सोडताना बाबा म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या होडीनं येतो. चाळीस वर्षं झाली. उशिरा येणं आमच्या रक्तातच आहे!" लोक हसून लोळतात. त्याची आई न्यानताई मात्र इतकी वर्षं जेवताना नवऱ्याची वाटी मांडायची.

या वर्षी तिनं वाटी उचलून ठेवली. "गेले ते," म्हणाली, आणि त्यांना मागे ठेवून आपली होडी सुटली ती तिथी धरून श्राद्ध घालायचं ठरवलं. खिएमनं तारीख बघितली, तिथी बघितलीच नाही, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी शहरातल्या मोठ्या थिएटरात कार्यक्रम घेऊन बसला. टीव्हीवाले त्याला पारखायला येणार होते.

"पुढच्या आठवड्यात घालू ना, आई. बाबांना कुठे घाई आहे?"

"तुझ्या टीव्हीवाल्यांना विचार, मरायला तारीख बदलून मिळते का."

झालं. दुपार कलल्यावर सगळे जमलो. फोटोपुढे कारल्याचं सूप, नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण, अंडी. आमच्यात उदबत्ती जळून संपेपर्यंत गेलेला माणूस जेवत असतो; तोवर ताटाला हात लावायचा नाही, आणि थोरल्या मुलानं तर हलायचंही नाही. खिएम घड्याळाकडे बघत या पायावरून त्या पायावर होत होता.

"मुंग्या चावतात का रे?" त्याचा काका म्हणाला.

"चावत असत्या तर बरं होतं, काका. निदान हलायला निमित्त."

न्यानताईनं उदबत्ती घेतली आणि मधोमध मोडली.

"वहिनी! अर्धी?" काका ओरडलाच.

"पोरगा कुठे निघालाय ते त्यांना दिसतंय," ती म्हणाली. "चार घास कमी खातील."

अर्धी उदबत्ती जळून शेवटची राख पडली तशी ती खिएमला म्हणाली, "नीघ." तो दारापर्यंत गेला, एक बूट घातला, आणि थांबला.

"आई, ते उशिराचं... आज सांगू?"

"मेलेल्या माणसाला कसला उशीर? दुसरं काहीतरी शोध."

त्याला सोडायला माझी गाडी काढली. सगळा रस्ता काच वर, काच खाली.

"लू मावशी, हे ऐक. हसू येतं?"

"नाही."

"मग हे?"

"हे तर त्याहून रडकं."

"मग काय सांगू?"

"मला काय विचारतोस? मी पाव भाजणारी बाई."

गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं दार उघडलं आणि खपणारा एकही विनोद हाताशी नसताना आत पळाला.