चिकटवायची राहिलेली दोन चित्रं

खोकं हातातून निसटलं आणि नाना मटकन खाली बसले. जुन्या कॅटलॉगांची पानं उघडली आणि त्यांतून रंगीत चित्रं सुटून खोलीभर सरकत गेली.

आता हे जरा नीट समजून घ्यायला हवं. पूर्वी चित्रप्रदर्शनाच्या चांगल्या कॅटलॉगात रंगीत चित्र पानावर छापत नसत. ते वेगळ्या कागदावर छापायचे, वरच्या कडेला डिंकाचं बोट फिरवायचे आणि पानावरच्या रिकाम्या चौकटीत चिकटवायचे. त्या बिचाऱ्या डिंकानं जन्मभर इमानानं नोकरी केली होती. आज त्यानं हात टेकले.

नानांनी उमेदीची अर्धी वर्षं पाणीखात्यात नळांचे नकाशे काढण्यात घालवली आणि उरलेली या कॅटलॉगांत. तेही फक्त आधुनिक चित्रकलेचे. लग्न राहून गेलं, कॅटलॉग मात्र एकही राहू दिला नाही. आता गुडघे बोलायला लागले होते, जिना झेपत नव्हता. थोरल्या बहिणीकडे राहायला जायचं ठरलं होतं.

"नान्या, तू ये," ताईंनी बजावलं होतं. "तुझी रद्दी नको."

कॅटलॉग विखरू नयेत, सगळे एका छपराखाली राहावेत, एवढंच आता नानांचं मागणं उरलं होतं. कलाशाळेच्या ग्रंथालयानं त्यांना एक अख्खं कपाट द्यायचं कबूल केलं. अट एकच: प्रत्येक कॅटलॉग पूर्ण हवा. आज दुपारी तिथल्या बाई गाडी घेऊन येणार होत्या.

"पडली ना? मग लाव जागच्या जागी," आवराआवरीला आलेल्या ताई म्हणाल्या.

"कुठलं कुठलं ते कळायला नको?"

"जन्म गेला तुझा यात, आणि मला विचारतोस?"

नानांनी चष्मा पुसला. प्रत्येक रिकाम्या चौकटीखाली तेच छापलेलं: 'शीर्षक नाही. तैलरंग.' पुढे लांबी-रुंदी. नाम मुखात असलं की रूप आपसूक डोळ्यांपुढे उभं राहतं. इथे नामच नाही, तर रूपाला हाक तरी कशी मारायची?

मग त्यांच्यातला नकाशेवाला जागा झाला. चित्र लहान करून छापलं तरी उंच ते उंच आणि आडवं ते आडवंच राहणार! पट्टी लावून, प्रमाण काढून, एकेक लेकरू घरी पोचवावं तशी त्यांनी चित्रं जागेवर आणली. ताई कुरकुरत डिंक लावत होत्या.

शेवटी दोन उरली, दोन वेगवेगळ्या चित्रकारांच्या कॅटलॉगांतली. एक लाल, एक राखाडी. दोन्ही चौरस, चौकटीही सारख्याच. दोघांपैकी एकानंही चित्रावर सही केलेली नव्हती. कॅटलॉगांतल्या लेखांत दोघांच्याही शांततेविषयी पानंच्या पानं लिहिलेली, रंगाविषयी अवाक्षर नाही.

"लाव कुठलंही कुठेही," ताई म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

हे वाक्य नानांनी आयुष्यभर ऐकलं होतं. दादा म्हणायचा, वहिनी म्हणायची, कचेरीतले लोक म्हणायचे. उलटं टांगलं तरी कोणाला कळणार? आणि नाना दर वेळी हमरीतुमरीवर येऊन सांगायचे, कळतं! बघणाऱ्याला कळतं!

"ताई, आज मी हे केलं तर तुमचंच सगळ्यांचं खरं ठरेल."

"मग ठरू दे की! मी काय पैज लावून बसलेय?"

ग्रंथालयाच्या बाई धापा टाकत वर आल्या. सगळं तपासून त्या दोन कॅटलॉगांपाशी थांबल्या.

"काका, या दोनांतली चित्रं सुटी आहेत."

"कुठलं कोणाचं, मला सांगता येत नाही."

खाली गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. बाईंनी मान चोळली. त्याही दमल्याच होत्या. "मी बाकीची खोकी उतरवून घेते," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढ्यात चिकटवून ठेवा. मी विचारणार नाही."

नानांनी बोटावर डिंक घेतला. लाल चित्र एका चौकटीवर धरलं. छान बसलं. मग दुसरीवर धरलं. तिथेही तितकंच छान बसलं. नानांचा हात तसाच थांबला. डिंक बोटावरच वाळला.

"ही दोन राहू देत," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि बाकीचे कॅटलॉग घेऊन त्या गेल्या.

संग्रह फुटला. नाना भिंतीला टेकून बसले. रडायचं म्हटलं तरी अंगात तेवढं त्राण हवं. इतकी वर्षं प्रत्येक कॅटलॉग उघडला, चित्र आहे ना, कोपरा दुमडला नाही ना, एवढं पाहिलं आणि मिटला. हजेरी घेतली, दर्शन घेतलंच नाही.

ताई कण्हत शेजारी बसल्या. राखाडी चित्र उचलून त्यांनी डोळ्यांपासून लांब धरलं.

"ही दोन आता माझ्या घरी येणार, म्हण की."

"नको असतील तर..."

"नको कुठे म्हटलं? हे बरं वाटतंय."

"का?"

"का म्हणजे? बरं वाटतंय. दमून बसल्यासारखं आहे. ते लाल भांडखोर आहे, तुझ्यासारखं."

नाना थोडे पुढे सरकले. "धर तसंच. उजेडाकडे कर जरा."

"हात भरून आला रे."

"मग दुसऱ्या हातात घे," नाना म्हणाले आणि चष्मा नाकावर वर सरकवून बघत राहिले.