करिअरवाली

बूट घालायला ती दाराबाहेरच्या बाकावर वाकली आणि ओटीपोटात कळ उठली. दवाखान्यातून येऊन नववा दिवस. चार वर्षांतलं पोटातच गेलेलं हे तिसरं बाळ. आज पुलाचा स्लॅब टाकायचाय, इंजिनिअर नसेल तर काम अडेल, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे घर खायला उठलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आत्यांचा, सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा, आवाज आला. त्या कालच मुक्कामाला आल्या होत्या.

“वहिनी, सुनेची छत्तिशी उलटली की. कुणा डॉक्टरला दाखवलं का?”

“डॉक्टर कशाला, वन्सं?” सासूबाई म्हणाल्या. “तिलाच नकोय मूल. करिअरवाली आहे ती. पूल बांधायचे की पाळणे हलवायचे?”

“बाई बाई! या तिशीतल्या पोरींना स्वतःपलीकडे काही दिसतच नाही. आणि तुम्ही खपवून घेता?”

“हट्टी आहे. काय करणार?”

तिचा हात जागच्या जागी थांबला. नऊ दिवसांपूर्वी याच बाईने तिचे रक्ताळलेले कपडे कुणाच्या नजरेला न पडू देता स्वतःच्या हाताने धुतले होते.

आत्या अंघोळीला गेल्याचं कळताच ती तशीच, एका पायात बूट घालून, स्वयंपाकघरात आली.

“आई, मला नकोय?”

सासूबाईंनी गॅस बारीक केला. मागे वळून पाहिलं नाही.

“ऐकलंस होय.”

“शेजारपाजारचे बोलतात ते सोसलं. पण तुम्हीसुद्धा?”

“शेजाऱ्यांना मीच सांगितलंय.”

सासूबाई ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या.

“तुझा नवरा झाला तेव्हा मला चौतिसावं होतं. लग्नाला तेरा वर्षं. मला कुणी नावं ठेवली नाहीत गं. सगळ्यांना माझी कीव यायची. कुणाचं बाळ बघायला गेले की म्हणायचे, आत्ताच झोपलंय. आतून रडल्याचा आवाज यायचा, तरी म्हणायचे, झोपलंय.” फडकं थांबलं. “या वन्संनीसुद्धा त्यांचं तान्हं असंच आत ठेवलं होतं.”

न्हाणीघरात पाणी पडत होतं.

“तुझ्यावर रागावू देत लोकांना. रागावलेला माणूस आपलं मूल दडवत नाही.”

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. केस पुसत आत्या बाहेर आल्या.

“अगं, तू अजून इथेच? मला वाटलं, पोहोचलीसुद्धा असशील. कामाशिवाय चैन पडत नाही ना तुला!”

तिने एकदा सासूबाईंकडे पाहिलं.

“नाही पडत, आत्या,” ती म्हणाली. “आणि मुलंबिलं आपल्याला नाहीच जमायची.”

एवढं बोलून ती छान हसली. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.