पूजेला बसवलेलं यंत्र

पितृपंधरवड्यात मद्रासेत कोणी नवी वस्तू विकत घेत नाही. माउंट रोडवरचे ऑफिसच्या यंत्रांचे विक्रेते त्या दिवसांत पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत बसत, आणि नागोजी मात्र वर्षातली सर्वांत महत्त्वाची कामगिरी नेमकी तेव्हाच उरकून घेई. तो काही विकत नसे. हिशेबाचं विजेचं यंत्र गिऱ्हाइकाच्या कचेरीत नुसतं ठेवून येई. ही ट्रायल आहे, खरेदी नव्हे, असं हात जोडून सांगे. वापरून पाहा, नाही पटलं तर आमची माणसं येऊन घेऊन जातील. पितरांच्या दिवसांत फुकट वापरायला आलेल्या यंत्राला कोण नाही म्हणणार?

मग नवरात्र येई, आणि नवव्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी लहानमोठ्या प्रत्येक कचेरीत कामाची साधनं घासूनपुसून मांडली जात. टाइपरायटर, शिक्के, तराजू, तिजोरीची कुलपं, सगळ्यांना चंदनाचं बोट, वर कुंकू, वर शेवंतीचं फूल. त्या पंगतीत नागोजीचं यंत्रही आपसूक बसे. आणि एकदा चंदन लागलं की ते ट्रायलचं राहत नसे. ते घरचं होई. त्याला विजयादशमीनंतर उचलून परत पाठवायचं, हे भल्याभल्या व्यवहारी मालकांच्या हातून होत नसे.

ही युक्ती नागोजीला सुचलेली नव्हती, ती सापडली होती. कोइमतूरकडचा एक गिरणीमालक, जो महिनाभर यंत्राला नावं ठेवत होता, त्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं की पूजा झालेलं यंत्र आता हलवायचं नाही, कागद पाठवा. तेव्हापासून नागोजीने आपलं वर्षच नवरात्राभोवती बांधलं. शाखेचा व्यवस्थापक शरदचंद्र हा मुंबईहून बदलून आलेला, तरतरीत माणूस. तो मुख्य कचेरीला अहवालात "सणासुदीची मागणी" एवढंच लिही. नागोजीने त्याला अधिक खुलासा कधी केला नाही.

नागोजीला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि त्यात त्याला खरोखरीचा आनंदही होता. तरुणपणी तो स्वतः रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून होता. आकड्यांचे उभे रकाने, संध्याकाळी न जुळणारी बेरीज, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. त्या कामाने त्याच्या वडिलांचे डोळे गेले होते, आणि आपलेही जाणार असं त्याने धरून चाललं होतं. मग या कंपनीची जाहिरात आली आणि तो सुटला. यंत्रावरचं कापड बाजूला करावं, खातेपान आत सरकवावं, कळा दाबाव्या, आणि शिल्लक आपोआप छापून यंत्रावरची सरकती गाडी खाडकन परत आली की भोवती जमलेल्या कारकुनांचे चेहरे पाहावे! विक्रीच्या मोबदल्यापेक्षा त्याला ते चेहरे आवडत. आपण या माणसांना एका जाचातून सोडवतो आहोत, असं तो मानत असे. "कोणीही जाणार नाही," हे वाक्य तो प्रत्येक कचेरीत बोले, "फक्त कटकट जाईल." ते बोलताना तो मनापासून हसत असे.

१९५८ सालचं नवरात्र जवळ आलं तेव्हा मात्र त्याचं हसू आटलं होतं. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी यंत्रांचे परवाने मिळेनासे झाले होते. देशात आधीच येऊन पडलेली थोडी यंत्रं जिथे मागणी आहे तिथेच पाठवायची, आणि दिवाळीपर्यंत एकही ऑर्डर न आणणारी शाखा बंद करायची, असं मुंबईने कळवलं होतं. मद्रासची पाटी त्या वर्षी कोरीच होती. शरदचंद्राला परत मुंबईत जागा होती. चाळिशी उलटलेल्या, पदवी नसलेल्या नागोजीला कुठेच नव्हती. पुन्हा एखाद्या कचेरीत रकान्यांसमोर बसणं, एवढंच उरत होतं.

"तुमच्या तंजावरी मराठीला बंगलोरची शाखासुद्धा घ्यायची नाही हो," शरदचंद्र म्हणाला. असल्या थट्टेनेच तो धीर देत असे. "ऐकलं की वाटतं, दरबारात मुजरा करून उभा आहे."

"आमची मराठी तीनशे वर्षांमागे घरांतून निघाली," नागोजी म्हणाला. "वाटेंत तिला सुधारायाला कोणी भेटलंच नाहीं. तुम्ही भेटलांत, तर शाखाच बंद होत आहे."

ट्रायलसाठी उरलेलं एकमेव यंत्र नागोजीने एग्मोरला, राममूर्ती मुदलियारांच्या मोटार कंपनीत नेऊन ठेवलं. मुदलियारांच्या बसगाड्या आणि लॉऱ्या चिंगलपेटपासून नेल्लोरपर्यंत धावत. ही जागा निवडायला आणखी एक कारण होतं. तिथले हेडक्लार्क व्यंकोजीराव हे नागोजीच्या बायकोचे, अलमेलूचे, सख्खे मामा. अलमेलूचे वडील लवकर गेले. तिचं लग्न मामांनी लावून दिलं होतं. मुदलियारांच्या कचेरीतली पूजाही मालकाच्या वतीने मामाच करीत. त्यांच्या हाताखाली पाच कारकून होते, आणि त्या पाचांनाही त्यांनीच एकेक करून, कोणाच्या धाकट्या भावाची मुंज ठरली असताना, कोणाचा बाप अंथरुणाला खिळला असताना, कामाला लावलं होतं.

यंत्र उत्तम चाललं. मामांनी त्याला विरोध केला नाही. दूर उभे राहून, हात पाठीमागे बांधून, ते गाडीची ये-जा पाहत. "मेजावर आगगाडी आणून सोडलास की रे," असं एकदा म्हणाले, आणि कारकून हसले. नागोजीला हायसं वाटलं.

पूजेच्या दोन दिवस आधी मुदलियारांनी त्याला आत बोलावून कॉफी दिली आणि यंत्राविषयी बारकाईने विचारलं. ते तमिळमध्ये, हलक्या आवाजात, अगदी सज्जनपणे बोलत होते. यंत्र राहिलं तर व्यंकोजीराव आणि एखादा हुशार मुलगा एवढे पुरे, असा त्यांचा हिशेब झाला होता. पोंगलनंतर बाकीच्यांना मोकळं करावं म्हणतो, ते म्हणाले. नागोजीने, आपण कोणाची बाजू घेत आहोत हे नीटसं न कळता, सुचवलं की त्या माणसांना दुसरी कामं देता येतील. मुदलियारांनी पेला खाली ठेवला. ते माझं मी पाहीन, तुम्ही यंत्र विका, असं त्यांनी हसून सांगितलं. पूजा होऊ द्या, मग सही करतो.

रात्रभर नागोजीने कुशी बदलल्या. अलमेलूने कारण विचारलं तेव्हा त्याने ऑर्डर मिळेल असं वाटतं, एवढंच सांगितलं. तिने उठून देवापुढच्या कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं. यापूर्वी आपण जिथे जिथे यंत्र ठेवून आलो तिथे पोंगलनंतर काय झालं असेल, हा प्रश्न त्याने कधी स्वतःला विचारलाच नव्हता. विक्री झाली की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत असे. त्या कचेऱ्यांत पुन्हा जायचं ते दुरुस्तीवाल्याने. आता मात्र तो त्या एकेका कचेरीतले चेहरे आठवू लागला, आणि ते सगळे त्याला हसतानाच आठवले.

आयुधपूजेच्या सकाळी तो एग्मोरला पोहोचला तेव्हा दाराला केळीचे खांब बांधले होते आणि आवारात धुतलेल्या बसगाड्या माळा घालून उभ्या होत्या. कचेरीत लांब मेजावर शिक्के, दौती, टाइपरायटर, तिकिटं पंच करायच्या कात्र्या, जुन्या वह्यांची चळत असं सगळं मांडलेलं होतं. वाफवलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलच्या आणि चुरमुऱ्यांच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या. यंत्र मात्र आपल्या जागी, खिडकीजवळ, कापडाखाली होतं.

मामा चंदन उगाळत होते. त्यांनी नागोजीला जवळ बसवून घेतलं आणि कारकुनांना नारळ व दृष्ट काढून फोडायचा पांढरा भोपळा आणायला बाहेर पाठवलं.

"तूं दर साली नवरात्राच्या आधींच ट्रायल ठेवतोस," ते खोडावरून नजर न उचलता म्हणाले. "मला ठाऊक आहे. तंजावरच्या माणसाशिवाय हें कोणाला सुचणार? अक्कल आहे तुला. मी तर अलमेलूलाही सांगिटलों, तुझा नवरा देवीलाच सेल्समन करून ठेवला आहे."

नागोजी हसला. आपण पकडले गेलो याची लाज आणि मामांनी केलेलं कौतुक, दोन्ही एकदमच त्याच्या चेहऱ्यावर आली.

"पूजेला बसवलेलं मुदलियार काढीत नाहींत," मामा पुढे म्हणाले. "बापाच्या वेळची बंद पडलेली गाडी अजून शेडमध्यें आहे, दर साली तिला हार घालतों. म्हणून विचारतों. माझा हात लागला कीं तें राहिलं. या पोरांतला कोणी जाणार नाहीं ना? तूं सांग. मालकाला मी विचारणार नाहीं. तो मालक आहे, काय हवं तें सांगेल. तूं घरचा आहेस."

बाहेर कोणीतरी भोपळ्यात कापूर खोचण्यावरून वाद घालत होतं. नागोजीला वाटलं, ही पोरं इतक्यात आत आली तर उत्तर द्यावं लागणार नाही. ती आली नाहीत. त्याला रेल्वेतलं ते मेज दिसलं, त्या मेजावरचा दिवा दिसला, आणि वडिलांनी शेवटच्या वर्षी पान डोळ्याला अगदी चिकटवून वाचलेलं दिसलं. मामांनी आता मान वर केली होती आणि ते निश्चिंतपणे त्याच्याकडे पाहत होते. शंकेने त्यांनी विचारलंच नव्हतं. पूजेआधी हात धुवावे, तसा तो प्रश्न होता.

"कोणीही जाणार नाही, मामा," नागोजी म्हणाला. "फक्त कटकट जाईल."

वाक्य नेहमीसारखं, मुळीच न अडखळता आलं. सोबतचं हसूसुद्धा आलं.

मामांनी मान डोलावली. ते उठले, यंत्रावरचं कापड त्यांनी स्वतः काढून घडी घातली, आणि कळांमध्ये ओल जाऊ नये म्हणून हात जपून, यंत्राच्या कपाळपट्टीवर चंदनाची तीन बोटं ओढली. मग मुदलियार आले, आरती झाली, भोपळा फुटला. चुरमुऱ्याचा पुडा नागोजीलाही मिळाला. त्या पाचांतल्या एकाने त्याच्या पुड्यात आग्रहाने खोबऱ्याचा जास्तीचा तुकडा घातला.

विजयादशमीनंतर सही झाली. मुंबईहून अभिनंदनाची तार आली, शाखा वाचली, आणि नागोजीला "सीनियर" हे बिरुद मिळालं. शरदचंद्राने सगळ्यांना कॉफी पाजली आणि थट्टेत त्याला मुजराही केला. अलमेलूने मामांना फराळाचं नेऊन दिलं. पोंगल येईपर्यंत नागोजी त्या कचेरीच्या रस्त्यानेही गेला नाही.

पोंगलनंतर चार जणांना नोटिसा मिळाल्या. ही बातमी त्याला अलमेलूकडून कळली. तिला मामींनी सांगितली होती. मामा काही म्हणाले का, असं त्याने विचारलं. मामांनी काय केलं ते तिने सांगितलं. त्यांनी त्या चौघांना घरी जेवायला बोलावलं होतं आणि स्वतः वाढलं होतं. अलमेलूने त्यापुढे त्याला काही विचारलं नाही, आणि त्यावरून त्याने ओळखलं की तिला सगळं समजलं आहे.

महिन्याभराने मुदलियारांचं पत्र आलं. हुशार म्हणून ठेवलेला पाचवा मुलगा टपाल खात्यात नोकरी लागून निघून गेला होता. यंत्र आता हेडक्लार्कच चालवतील. करारात शिकवण्याची तरतूद आहे, तरी मिस्टर नागोजी राव यांना पाठवावं. दुसऱ्या कोणाला धाडता येईल का, असं नागोजीने सुचवून पाहिलं. ज्याने विकलं त्याच्यावरच गिऱ्हाइकाचा भरवसा असतो, असं शरदचंद्र म्हणाला, आणि ते खरंच होतं.

कचेरीत चार मेजं भिंतीला लावून एकावर एक रचली होती. मामा यंत्रासमोर ताठ बसले होते. चंदन वाळून कधीच पुसलं गेलं होतं. त्यांनी नागोजीला येताना पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"यावं," ते म्हणाले. "बसावं आपण. आपणास कॉफी सांगूं का?"

लग्नापासून त्यांनी त्याला अरेतुरेखेरीज कधी हाक मारली नव्हती. नागोजी म्हणाला, "मामा, मला बोला तरी. काहीही बोला."

"वेळ जाईल आपला," मामा म्हणाले. "मला जमायाला उशीर लागेल. बोटं चालत नाहींत. पहिल्यापासून दाखवावं."

नागोजीने खुर्ची ओढली. त्याने खातेपान आत सरकवलं आणि सांगायला सुरुवात केली. हे सांगणं त्याला इतकं पाठ होतं की त्यात त्याची स्वतःची गरज उरली नव्हती. मामा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होते आणि ताठरलेली तर्जनी सावकाश कळेवर ठेवत होते. शिल्लक छापून गाडी परत आली, तेव्हा ते दचकले.

"पुन्हा एकदां," ते म्हणाले.

त्याने पुन्हा दाखवलं. पाच वाजता शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या तेव्हा अर्धं खातंही झालं नव्हतं. आपण सोमवारी येणार ना, असं मामांनी विचारलं. करारात शिकवण्याचे सहा महिने लिहिलेले होते. येतो, असं नागोजी म्हणाला, आणि यंत्रावर कापड घालू लागला. मामा कापडाचं दुसरं टोक धरून उभे राहिले. दोघांनी मिळून ते चारी कडांनी नीट बसवलं.