ऋषींच्या भाजीतलं कॅडमियम

देवासच्या मराठी मंडळात ऋषिपंचमीची भाजी चिंतामणरावांच्याच वाफ्यातून यायची. या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून रिटायर झाल्यापासून ते स्वतः कुदळ मारून अळू आणि माठ लावत. बैलाला त्रास नाही, म्हणजे पावित्र्याचं काम चोख. पाणी मात्र मागच्या नाल्याचं, कारखान्यांकडून रंग बदलत येणारं. आता पाण्याबद्दल ऋषीच काही बोलले नाहीत, त्याला चिंतामणराव काय करणार.

त्यांची सून विद्युल्लता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने पानं तपासून घेतली. कॅडमियम हा विषारी धातू निघाला, तोही भरपूर. तिची लेक उर्वी बाळंतपणाला घरी आलेली, आणि भाजीचा पहिला घास आजोबा दरवर्षी नातीलाच भरवत. विद्युल्लता रिपोर्ट घेऊन तडक सासऱ्यांकडे गेली.

"सूनबाई, पान किती हरं आहे बघ," मामंजी म्हणाले. "जहर असतं तर झाड जळलं नसतं?"

"झाड हुशार असतं, मामंजी. विष आलं की ते गंधक असलेल्या छोट्या साखळ्या तयार करतं, त्यांत कॅडमियम जखडतं आणि पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. झाड टवटवीत राहतं. पण आपण पान खाल्लं की ते सगळं आपल्या अंगात."

"झाडाने बंदोबस्त केलाय ना? मग तू टेन्शन रहने दे."

शिकलेल्या सुनेचं त्या घरात फार कौतुक होतं. तिचं ऐकायची पद्धत नव्हती. ही भाजी वाढू नका म्हणून तिने मंडळाच्या अध्यक्षा जानकीबाईंना फोन केला, तर त्यांनी हळूच विचारलं, "सासऱ्यांशी पटत नाही का गं हल्ली?"

पंचमीला हॉलमध्ये पंगत बसली. पातेलं घेऊन वाढायला निघालेले मामंजी सुनेच्या कानाशी वाकले.

"उर्वीला घेऊ देऊ नकोस. पोटुशी आहे. बाकीच्यांना चमचाभराने काय होतंय?"

म्हणजे सगळं समजलं होतं तर. विद्युल्लतेला असा संताप आला की मान, मर्यादा, मंडळ सगळं विसरून ती उभी राहिली.

"मामंजी म्हणतात, ही भाजी आमच्या उर्वीला वाढायची नाही," ती साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली. "का, ते तेच सांगतील."

चिंतामणराव पळी धरून उभे राहिले. सवयीने हसले. जानकीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि शेजारी बसलेल्या आपल्या नातीपुढचं पान ओढून घेतलं.