सातवा तास

एकोणपन्नास अंश.

यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. पिवळं चालत नाही, यंत्राचा दिवा हिरवाच राहायला हवा.

डब्यात कोबी आणि चहात उकडलेलं अंडं.

सहा तास चाळीस मिनिटं: एक चूक.

क्वो पी-श्याने चष्मा पुसला आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. झोंगह उपनगरातल्या या कारखान्यात एकोणीस वर्षं ती कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्या तपासत होती. नेमल्या वेगाच्याही पुढे पळवायच्या, आठ तास दमवायच्या, आणि एकही चूक झाली नाही तरच त्या मालाच्या चिठ्ठ्यांवर सहीऐवजी आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. कालच्या सहा पट्ट्या सहा तास गुणी पोरींसारख्या वागल्या आणि सातव्यात सगळ्या चुकल्या. आज त्याच मालातल्या दुसऱ्या सहा लावल्या. तेच, जवळपास त्याच मिनिटाला.

विभागप्रमुख फांग आला. पट्टी कडेने कशी धरायची हे तो तिच्याच हाताखाली शिकला होता. त्याने आकडे पाहिले. माल उद्या सकाळी निघायलाच हवा, म्हणाला. वरून नवा नियम आलाय, तपासणी आता सहाच तासांची.

"म्हणजे चूक दिसायच्या आधी उठायचं."

"ताई, पोरं गेम खेळणार त्याच्यावर. अडकला तर परत चालू करतील. कुणी मरतंय का?"

"अडकलं तर बरंच. ही पट्टी अडकत नाही, फांग. एखादा आकडा बदलते आणि गप्प बसते."

"मग तुम्हीपण बसा की."

तो हसला. तीही हसली असती, पण त्याची नजर तिच्या खुर्चीवर होती.

शिक्का मारणार नाही, असं तिने सांगितलं आणि तो त्याच्यादेखत पर्समध्ये टाकला. फांग "बरं" म्हणाला. इतक्या सहज बरं म्हणताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी आली तेव्हा यंत्रं बंद होती. पंख्यांच्या घरघरीशिवाय ही खोली तिने एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. नवं कोरं हिरवं पाकीट कुणीतरी आणून ठेवलं होतं, तिच्या टेबलावर. पाकिटाच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. म्हणून तर ते यंत्रांवर ठेवतात.

ती खाली गेली. पेट्या ट्रकमध्ये चढत होत्या. एकीवरची चिठ्ठी तिने वाचली. आठ तास, चुका शून्य. खाली क्वो पी-श्या. लाल, ठसठशीत, जरासा तिरका. पुढच्या पेटीवर तेच. तिच्या पुढचीवरही.

तिने पर्स उघडली. शिक्का होता तिथेच होता, शाई वाळलेली.

"ताई, सरका जरा," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी मागं घेतोय."

ती सरकली.

आईच्या आजारपणात रजेचे अर्ज अडू नयेत म्हणून आपला दुसरा शिक्का तिनेच फांगच्या खणात ठेवायला दिला होता, सात वर्षांपूर्वी, एका मंगळवारी.